खटला लढलात तर शिक्षा जास्त का? अमेरिकेतल्या ‘ट्रायल पेनल्टी’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत कोर्टात दुभाष्याचं काम करते, मराठी आणि हिंदी. वकील नाहीये, त्यामुळे हा कायदेशीर सल्ला समजू नका. पण गणपतीला, हळदीकुंकवाला, कुठेही भेटले की लोक हळूच बाजूला घेऊन विचारतात, भाच्याला डील आलीय घ्यावी का, शेजाऱ्यांच्या मुलाने लढायचं ठरवलंय तर काय होईल. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा बसून नीट लिहून काढलं. ज्या केसेसची नावं दिलीत त्या सगळ्या सार्वजनिक रेकॉर्डवरच्या आहेत, माझ्या कामातल्या कोणाचंही नाव यात नाही.

ट्रायल पेनल्टी म्हणजे नक्की काय हो?

सरकारी वकील म्हणजे प्रॉसिक्युटर आरोपीला सांगतो की गुन्हा कबूल कर, तुला तीन वर्षं. आरोपी म्हणतो नाही, मला ज्युरीसमोर खटला लढायचाय. लढतो आणि हरतो, तर तीनाची वीस होतात. गुन्हा तोच, माणूस तोच, पुरावा तोच. मधे बदललं काय, तर त्याने त्याचा हक्क वापरला, एवढंच. मधली जी सतरा वर्षं आहेत ना, ती ट्रायल पेनल्टी. काही वकील याला ‘ट्रायल टॅक्स’ पण म्हणतात.

तीनाची वीस हे तुम्ही उदाहरण म्हणून सांगताय ना?

नाही, खरंच झालंय. फ्लोरिडात जॅक्सनविलमधे मॅरिसा अलेक्झांडर नावाच्या बाईने २०१० मधे मारहाण करणाऱ्या नवऱ्याला घाबरवायला एक गोळी झाडली, ती कोणालाही लागली नाही. प्रॉसिक्युटरची ऑफर तीन वर्षांची होती. तिचं म्हणणं मी स्वतःचा बचाव केला, मी गुन्हेगार नाही, म्हणून तिने नाही म्हटलं. ज्युरीने बारा मिनिटांत दोषी ठरवलं आणि फ्लोरिडाच्या त्या वेळच्या बंदुकीच्या कायद्याने २०१२ मधे तिला सरळ वीस वर्षं लागली, जजला कमी करायची मुभाच नव्हती. पुढे २०१३ मधे अपिलात तो निकाल रद्द झाला कारण स्वसंरक्षणाबद्दल ज्युरीला चुकीच्या सूचना दिल्या होत्या. म्हणजे चूक कोर्टाची. आणि मग पुन्हा खटला चालवायची वेळ आल्यावर प्रॉसिक्युटरने सांगितलं की या वेळी तिन्ही आरोपांच्या वीस-वीस वर्षांच्या शिक्षा एकामागून एक भोगायला लावू, म्हणजे साठ वर्षं. शेवटी २०१४ मधे तिने तीन वर्षांची डील घेतली, त्यातली बहुतेक भोगून झाली होती, आणि जानेवारी २०१५ मधे ती तुरुंगाबाहेर आली, पुढे दोन वर्षं घरातच नजरकैद.

तीन, वीस, साठ, परत तीन. गोळी एकच होती. हे आकडे मी कितीदा सांगितलेत लोकांना, तरी दर वेळी सांगताना थांबायला होतं.

पण किती लोक खरंच खटल्यापर्यंत जातात? सिनेमात तर रोज ज्युरी दिसते.

फार कमी. सुप्रीम कोर्टाने स्वतः २०१२ मधे ‘मिसूरी विरुद्ध फ्राय’ या केसमधे आकडे दिलेत, फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टात दोषी ठरलेल्यांपैकी ९७ टक्के आणि राज्यांच्या कोर्टात ९४ टक्के लोक गुन्हा कबूल करून दोषी ठरतात. त्याच निकालात असंही म्हटलंय की प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करण्याच्या बदल्यात कमी शिक्षेची डील, हा न्यायव्यवस्थेला जोडलेला काही वेगळा भाग नाही, तीच आता न्यायव्यवस्था आहे. आणि २०२२ सालचं फेडरल कोर्टांचं बघा, जवळजवळ ७२ हजार आरोपी, त्यातले खटला लढून निर्दोष सुटलेले फक्त २९०.

सरासरी फरक किती पडतो?

ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०१३ मधे फेडरल ड्रग केसेसचा अभ्यास केला होता, २०१२ ची आकडेवारी घेऊन. कबूल करणाऱ्यांना सरासरी ५ वर्षं ४ महिने, खटला हरणाऱ्यांना सरासरी १६ वर्षं. तिप्पट. आता यातला थोडा फरक केसेसच वेगळ्या असतात म्हणून असू शकतो, ते मान्य करायलाच हवं, पण तिप्पट फरक नुसता त्याने पडतो असं मला वाटत नाही.

अहो पण ज्युरीचा हक्क राज्यघटनेत आहे ना? मग तो वापरला म्हणून जास्त शिक्षा हे कायदेशीर कसं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर. हो, सहाव्या घटनादुरुस्तीत हक्क आहे. आणि सुप्रीम कोर्टाने एकेकाळी हे गंभीरपणे घेतलं पण होतं, १९६८ मधे ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध जॅक्सन’ केसमधे अपहरणाच्या कायद्यातली अशी तरतूद रद्द केली की जिच्यात फाशीची भीती फक्त ज्युरीसमोर जाणाऱ्यालाच होती. १९७४ मधे ‘ब्लॅकलेज विरुद्ध पेरी’मधे सांगितलं की एखाद्याने अपील केलं म्हणून प्रॉसिक्युटरने आरोप वाढवायचे हे चालणार नाही, तो सूड झाला.

आणि मग १९७८ मधे आली ‘बोर्डेनकर्चर विरुद्ध हेज’. केंटकीमधे पॉल हेजवर ८८ डॉलर ३० सेंटचा खोटा चेक वटवल्याचा आरोप होता, त्या गुन्ह्याला दोन ते दहा वर्षं शिक्षा. प्रॉसिक्युटर म्हणाला पाच वर्षं घे, आणि कोर्टाचा त्रास नि खटल्याची गरज वाचवली नाहीस तर मी परत ग्रँड ज्युरीकडे, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या ज्युरीकडे, जाईन आणि सराईत गुन्हेगाराचं कलम लावीन, म्हणजे जन्मठेप. हेजच्या नावावर आधीचे दोन गुन्हे होते. त्याने ऑफर नाकारली, प्रॉसिक्युटरने बोलल्याप्रमाणे केलं, जन्मठेप लागली. ८८ डॉलरच्या चेकवरून. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की हे चालतं. का, तर हा सूड नाही, ही देवाणघेवाण आहे, आरोपीला हो किंवा नाही म्हणायचं स्वातंत्र्य आहे आणि प्रॉसिक्युटरने लावलेलं कलम कायद्यात बसतं.

आजही हाच निकाल लागू आहे. माझं मत विचाराल तर गाडी इथेच घसरली. अपील केलं म्हणून आरोप वाढवला तर सूड आणि खटला मागितला म्हणून वाढवला तर देवाणघेवाण, हा फरक ज्याच्या घरचा माणूस आत गेलाय त्याला समजावून दाखवा.

शिक्षा तर जज देतो, प्रॉसिक्युटरच्या हातात एवढं कसं काय?

कारण कलम कोणतं लावायचं ते प्रॉसिक्युटर ठरवतो, आणि कलमाला ‘मँडेटरी मिनिमम’ म्हणजे सक्तीची किमान शिक्षा असेल तर जजचे हात बांधले जातात. सुरुवातीला एक आरोपपत्र येतं, डील नाकारली की ‘सुपरसीडिंग इंडाइटमेंट’ म्हणजे सुधारित वाढीव आरोपपत्र येतं, त्यात जास्तीची कलमं.

यूटामधला वेल्डन अँजेलॉस बघा. विशीतला मुलगा, गाण्यांच्या रेकॉर्डिंगच्या धंद्यात, त्याने पोलिसांच्या खबऱ्याला तीनदा गांजा विकला, दर वेळी साडेतीनशे डॉलरच्या आसपासचा. त्याच्याकडे बंदूक होती, ती त्याने कोणावर रोखली नाही, वापरली नाही. ऑफर होती पंधरा वर्षं. त्याने नाकारली. नवीन आरोपपत्र आलं त्यात बंदुकीची एवढी कलमं की सगळी सिद्ध झाली असती तर किमान १०५ वर्षं. तीन सिद्ध झाली. त्या वेळी नियम असा की पहिल्या कलमाला पाच आणि पुढच्या प्रत्येकाला पंचवीस, तेही एकामागून एक. पाच, पंचवीस, पंचवीस, पंचावन्न वर्षं. २००४ मधे शिक्षा सुनावताना जज पॉल कॅसल यांनी स्वतः म्हटलं की ही शिक्षा अन्यायी आहे, क्रूर आहे आणि तर्कहीन सुद्धा, पण मला दुसरा पर्याय नाही. त्याच दिवशी त्याच जजनी एका म्हाताऱ्या बाईला लाकडाने मारून जीव घेणाऱ्याला जवळजवळ बावीस वर्षं दिली होती. अँजेलॉस २०१६ मधे सुटला, २०२० मधे त्याला माफी मिळाली. ती ‘एकावर एक’ रचायची पद्धत २०१८ च्या फर्स्ट स्टेप कायद्याने बरीचशी बंद केली, आता पंचवीसवालं कलम आधीच्या केसमधे दोषी ठरून झालेलं असेल तरच लागतं. अँजेलॉसची बारा वर्षं काही परत आली नाहीत.

ज्युरीला हे सगळं माहीत असतं का?

साधारणपणे नाही. ज्युरीने फक्त दोषी की निर्दोष एवढंच ठरवायचं, शिक्षा किती होणार, ऑफर किती होती, हे त्यांना सहसा सांगतच नाहीत. म्हणजे ज्या बारा लोकांवर लोकशाहीने विश्वास टाकला त्यांनाच आपण काय करतोय ते अर्धं माहीत.

काही वकील म्हणतात ही पेनल्टी नाहीच, कबूल करणाऱ्याला सवलत आहे. खरं काय?

दोन्ही बाजू ऐकून घ्या. सवलतवाल्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. जो कबूल करतो तो पीडित माणसाला कोर्टात उभं राहून सगळं परत सांगायच्या यातनेतून वाचवतो, कोर्टाचा वेळ वाचतो, काही जणांना खरोखर पश्चात्ताप झालेला असतो. लैंगिक अत्याचाराच्या केसमधे एखादी मुलगी उलटतपासणीतून वाचली तर त्याची किंमत मला कळते, मी अशा उलटतपासण्यांचा शब्द न् शब्द भाषांतर केलाय.

पण सवलत म्हटली की तिला माप असतं. शिक्षा किती द्यायची याच्या फेडरल गाइडलाइनमधे ‘जबाबदारी स्वीकारली’ म्हणून दोन किंवा तीन पायऱ्या कमी होतात, म्हणजे साधारण पाव ते एक तृतीयांश शिक्षा. इंग्लंडमधे तर नियम लिहून ठेवलाय, पहिल्याच टप्प्यावर कबूल केलं तर जास्तीत जास्त एक तृतीयांश सूट, नंतर पाव, आणि खटल्याच्या दिवशी केलं तर एक दशांश. सगळ्यांना आधीच माहीत, कोणी वाढवून लावू शकत नाही. याला मी सवलत म्हणेन. पाच वर्षांच्या जागी जन्मठेप झाली तर तिला सवलत कोणत्या तोंडाने म्हणायचं? दुकानदाराने आधी किंमत दसपट लिहायची आणि मग नव्वद टक्के सूट म्हणून पाटी लावायची, आपण असल्या सेलला फसत नाही ना.

जो निर्दोष आहे तो कशाला कबूल करेल?

बाहेरून बघताना असंच वाटतं. ब्रायन बँक्स, कॅलिफोर्नियातला शाळकरी फुटबॉलपटू, मोठ्या युनिव्हर्सिटीत खेळायची स्वप्नं. २००२ मधे एका मुलीने बलात्काराचा खोटा आरोप केला. खटला हरला तर ४१ वर्षं ते जन्मठेप. वकिलाचा सल्ला ऐकून त्याने आरोपाला विरोध नाही असं सांगितलं, पाच वर्षं तुरुंगात गेली, वर सेक्स ऑफेंडर म्हणजे लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंद. पुढे त्या मुलीनेच असं काही झालं नव्हतं हे कबूल केलं, ते रेकॉर्ड झालं, आणि २०१२ मधे कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. पोराने काय करायला हवं होतं? ज्याच्यासमोर ४१ वर्षं ठेवलीत त्याला खरं बोलायला सांगायचं म्हणजे त्याने जुगारात आयुष्य लावावं असं सांगायचं.

आणि नाही म्हणण्याची किंमत नुसत्या शिक्षेत नसते, वाट बघण्यात पण असते. न्यूयॉर्कचा कलीफ ब्राउडर सोळा वर्षांचा होता, बॅग चोरल्याचा आरोप, ३ हजार डॉलर जामीन घरच्यांकडे नव्हता. रायकर्स आयलंडच्या तुरुंगात जवळजवळ तीन वर्षं, त्यातला मोठा काळ एकांतकोठडीत. शेवटी तर ऑफर होती की छोटे गुन्हे कबूल कर आणि आजच घरी जा. तो नाही म्हणाला, मी केलंच नाही. २०१३ मधे केस काढून टाकली. २०१५ मधे त्याने स्वतःचा जीव घेतला. बावीस वर्षांचा होता.

कबुली घेताना जज विचारत नाही का, दबाव आहे का म्हणून?

विचारतो, विचारावंच लागतं. आणि इथे माझा रोजचा संबंध येतो. जज एक एक प्रश्न विचारतो, तुम्हाला ज्युरीचा हक्क आहे हे समजलं का, साक्षीदारांची उलटतपासणी करायचा हक्क सोडताय हे समजलं का, कोणी धमकी दिली का, डीलमधे लिहिलंय त्यापलीकडे काही वचन दिलं का, तुम्ही हे स्वखुशीने करताय का. मी ते मराठीत सांगते. आरोपी आधी वकिलाकडे बघतो, मग ‘हो’ म्हणतो. मग पुढचा प्रश्न, परत वकिलाकडे, परत ‘हो’. दहा-पंधरा मिनिटांत संपतं.

त्या प्रश्नासाठी मराठीत शब्द ‘स्वखुशीने’च आहे. मी तोच वापरते, माझं काम आहे, अर्थ बदलायचा मला अधिकार नाही. एकदा एका काकांनी, वय साठीच्या पुढे, हा शब्द ऐकला आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, ‘खुशी कसली गं बाई.’ मला तेही भाषांतर करून सांगावं लागलं, कारण कोर्टात बोललेलं सगळं भाषांतर होतं. जजनी पेन खाली ठेवलं, वकिलाने पाच मिनिटं मागितली, दोघं बाहेर कॉरिडॉरमधे गेले. परत आल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी काका म्हणाले, हो. नोंदीत लिहिलं गेलं, स्वखुशीने.

डेव्हिड हेडलीला फाशी झाली नाही ती पण अशीच डील का?

हो, आपल्या लोकांना प्ली बार्गेन हा शब्द बहुतेक त्या केसमुळेच माहीत झाला. २६/११ साठी मुंबईची रेकी करणाऱ्या हेडलीने मार्च २०१० मधे शिकागोत सगळे बारा आरोप कबूल केले आणि माहिती द्यायचं मान्य केलं, बदल्यात फाशी मागायची नाही आणि भारताच्या ताब्यात द्यायचं नाही. २०१३ मधे त्याला ३५ वर्षं झाली, २०१६ मधे मुंबईच्या कोर्टात त्याने व्हिडिओवरून साक्ष दिली. त्याचा साथीदार तहव्वूर राणाने खटला लढला, मुंबईच्या आरोपातून तिथे सुटला, बाकीच्यात १४ वर्षं झाली आणि एप्रिल २०२५ मधे त्याला भारतात आणलं.

या केसला ट्रायल पेनल्टी म्हणता येणार नाही, पण एक गोष्ट यातून कळते. डील चांगली कोणाला मिळते, तर ज्याच्याकडे विकायला माहिती आहे त्याला, म्हणजे जो कटात जास्त आत आहे त्याला. ड्रग केसेसमधे रोज हेच होतं, वरचा माणूस नावं सांगून सुटतो आणि ज्याला कोणाचं नावच माहीत नाही तो पोरगा दहा वर्षं जातो.

मी एच-वन-बी वर आहे / ग्रीन कार्डवर आहे. डील घेतली तर व्हिसाचं काय?

हे नीट वाचा. शिक्षा शून्य असली, नुसतं प्रोबेशन म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर बाहेर राहणं असलं, तरी कबुलीने डिपोर्टेशन होऊ शकतं, म्हणजे देशाबाहेर काढू शकतात, ग्रीन कार्ड असलं तरी. २०१० च्या ‘पडिया विरुद्ध केंटकी’ निकालापासून क्रिमिनल वकिलाने हे सांगणं बंधनकारक आहे. २०१७ मधे ‘ली विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या केसमधे लहानपणी कोरियातून आलेल्या, मेम्फिसमधे रेस्टॉरंट चालवणाऱ्या माणसाला वकिलाने सांगितलं होतं की तुला काही हाकलत नाहीत, ते चुकीचं होतं, आणि सुप्रीम कोर्टाने त्याला कबुली मागे घ्यायची संधी दिली. पण त्याला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. तेव्हा आधीच इमिग्रेशनच्या वकिलाला वेगळं विचारा.

वकिलानेच चुकीचा सल्ला देऊन डील नाकारायला लावली तर?

तर काही वेळा दाद मिळते. ‘लाफलर विरुद्ध कूपर’, २०१२. कूपरने एका बाईवर गोळ्या झाडल्या होत्या, ऑफर होती ५१ ते ८५ महिने. वकील म्हणाला गोळ्या कमरेखाली लागल्यात, खुनाचा हेतू सिद्धच होणार नाही, नको घेऊ. खटल्यानंतर १८५ ते ३६० महिने. सुप्रीम कोर्टाने मानलं की वकील चुकला आणि कूपरचं नुकसान झालं. नुसतं ‘आता पश्चात्ताप होतोय’ एवढं पुरत नाही मात्र.

भारतात असं होतं का?

तेवढं नाही, आणि याचं कारण कायद्यात आहे. आपल्याकडे प्ली बार्गेनिंग आलंच २००६ मधे, तेही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना, आणि स्त्रिया किंवा १४ वर्षांखालची मुलं यांच्याविरुद्धचे गुन्हे वगळून. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे, आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत आरोपीने स्वतः अर्ज करायचा. किती कमी करायचं ते कायद्यातच लिहिलंय, किमान शिक्षा असेल तर तिच्या निम्मी, पहिल्यांदा गुन्हा असेल तर चतुर्थांश. त्याआधी आपलं सुप्रीम कोर्ट तर याच्या विरोधातच होतं, १९७६ मधे महाराष्ट्रातल्याच खाद्यतेलातल्या भेसळीच्या एका खटल्यात, मुरलीधर लोया केसमधे, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असल्या सौद्यांवर कडक ताशेरे मारलेत. अर्थात आपल्याकडे कच्चे कैदी वर्षानुवर्षं तारखा बघत आत बसतात, ती वेगळी शिक्षा आहेच, ती मी विसरलेले नाही.

सगळे लढायला लागले तर कोर्टं कोलमडतील ना?

नेहमी हेच सांगतात. अलास्काने १९७५ मधे प्ली बार्गेनिंगवर बंदी घालून बघितली, खटले वाढले पण कोर्टं काही कोलमडली नाहीत. आणि कोणी सगळं बंद करा म्हणत पण नाहीये. मागणी साधी आहे, ऑफर किती होती ते रेकॉर्डवर आणा, कबुली आणि खटला यातल्या फरकाला वरची मर्यादा घाला, आणि मँडेटरी मिनिमम काढून जजला परत डोकं वापरू द्या.

घरच्या माणसाला ऑफर आलीय, वकिलाला काय विचारू?

ऑफर लेखी मागा, आणि ती कधीपर्यंत चालू आहे ते विचारा, काही ऑफर दोन-तीन दिवसांच्याच असतात. नाकारली तर कोणती नवीन कलमं लागू शकतात आणि त्यांची किमान शिक्षा किती, ते आकड्यात विचारा, ‘जास्त होईल’ हे उत्तर नाही. पुरावा सगळा हातात आलाय का, की न बघताच सही करायचीय? कबुलीबरोबर अपिलाचा हक्क पण सोडावा लागतोय का? प्रोबेशन असेल तर अटी काय? इमिग्रेशनचं वर लिहिलंच आहे.

आणि घरी मराठी बोलणारे आईवडील असतील, इंग्रजी कामापुरतं येत असेल, तर दुभाषी मागा. आरोपीला तो मिळतो, त्याचे पैसे तुम्हाला द्यावे लागत नाहीत, आणि मुलाला किंवा सुनेला भाषांतर करायला लावू नका. जजचा प्रश्न कळला नाही तर हात वर करून ‘कळलं नाही, परत सांगा’ म्हणायचं. मी दहा वेळा सांगेन, कोणी रागावत नाही. कळल्याशिवाय ‘हो’ तेवढं म्हणू नका.